वाहनमुक्त सकाळ : नाशिकमध्ये पहिल्यांदा रस्ता मोकळा करताना

रविवारी सकाळी तीन तास एखादा रस्ता गाड्यांना बंद आणि चालणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या, खेळणाऱ्या माणसांना खुला, एवढीच ही कल्पना. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून ती रुजली आहे. तिथे आज दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते मोकळे होतात. आपल्याकडे गुरुग्रामने नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘राहगिरी’ सुरू केली. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळला. मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये रविवारच्या सकाळी मरीन ड्राइव्हसह काही रस्ते लोकांना खुले केले. नाशिकला सायकलची हौस नवी नाही. २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण करणारे महाजन बंधू इथलेच. इथे कमी आहे ती आठ वर्षांच्या मुलीला आणि सत्तरीच्या आजोबांना निर्धास्तपणे सायकल घेऊन उतरता येईल अशा रस्त्याची.

सोसायटी, सायकल गट, शाळा किंवा मित्रमंडळ यांच्यातर्फे ज्यांना हे पहिल्यांदाच करायचं आहे, त्यांच्यासाठी ही सगळी माहिती आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. मोठा रस्ता बंद करणं अवघड नसतं, त्याला येऊन मिळणाऱ्या गल्ल्या सांभाळणं अवघड असतं. दोन टोकांना पोलीस उभे असतात, तिथून कोणी घुसत नाही. स्कूटर शिरते ती मधल्या गल्लीतून, ‘फक्त दूध घेऊन येतो’ म्हणत. अपघात झाला तर तो तिथेच होतो. म्हणून सगळी आखणी गल्लीच्या तोंडापासून सुरू करायची.

रस्ता निवडताना

पहिली अट समांतर रस्त्याची. बंद केलेल्या रस्त्याची वाहतूक सहज वळवता येईल असा दुसरा रस्ता शेजारीच हवा. या दृष्टीने कॉलेज रोड सोयीचा आहे. एका अंगाला गंगापूर रोड, दुसऱ्या अंगाला शरणपूर रोड आणि त्र्यंबक रोड, त्यामुळे कॅनडा कॉर्नरकडून भोसलाकडे जाणाऱ्याला दोन्हीकडून वाट मिळते. मात्र गंगापूर रोड हा त्याचाच पर्यायी मार्ग ठरतो, तेव्हा दोन्ही रस्ते एकाच सकाळी बंद करण्याचा मोह नको.

अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड रुंद फुटपाथमुळे पहिल्या नजरेत भरतो. पण त्यावर सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानक, आहे. एसटीच्या गाड्या रविवारीही सुटतात, बाहेरगावचे प्रवासी सामान घेऊन रिक्षातून उतरतात. पहिल्या खेपेला हा रस्ता घेऊ नका. द्वारका आणि मुंबई नाका या महामार्गावरच्या चौकांचा तर विचारही नको.

लांबी ७०० ते १००० मीटर पुरे. ५०० मीटरच्या आत सायकलवाल्याला सारखं वळावं लागतं आणि वळणावरच गर्दी होते. दीड किलोमीटरच्या वर गेलात तर गल्ल्यांची संख्या वाढते आणि स्वयंसेवक पुरत नाहीत. पाच किलोमीटर जाहीर करून अर्धवट सांभाळण्यापेक्षा ८०० मीटर पूर्ण मोकळे देणं केव्हाही चांगलं.

निवडलेल्या पट्ट्यात रुग्णालयाचं प्रवेशद्वार, पेट्रोल पंप किंवा अग्निशमन केंद्र असेल तर पट्टा सरकवा. मंगल कार्यालय किंवा लॉन्स असतील तर त्या तारखेला मुहूर्त आहे का ते थेट व्यवस्थापकाला विचारा. शरणपूर परिसरात चर्च आहेत आणि रविवारची प्रार्थना सकाळीच असते, ती वेळ जाऊन विचारून घ्या. त्या माणसांची वाट अडता कामा नये.

दोनदा पायी चालून या

रस्ता नक्की करण्याआधी तो दोनदा पायी चाला. एकदा रविवारी पहाटे साडेपाचला आणि एकदा तुमच्या कार्यक्रमाच्या वेळी, साधारण आठला. गाडीतून पाहिलेला रस्ता या कामाला उपयोगाचा नाही.

पहाटे काय दिसतं? चौकात वृत्तपत्र विक्रेते गठ्ठे सोडून पुरवण्या भरत बसलेले असतात आणि त्यांच्या दुचाक्या फुटपाथला लागून उभ्या असतात. दुधाचे टेम्पो येतात. कुत्र्यांना खाऊ घालणारे येतात. ही माहिती महत्त्वाची, कारण नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी खाणं मिळणारी कुत्र्यांची टोळी जोरात जाणाऱ्या सायकलमागे धावते. खाऊ घालणाऱ्यांशी आधी बोला आणि त्या दिवसापुरती जागा आतल्या गल्लीत न्यायला सांगा. प्रेमाने सांगितलं तर ऐकतात. आठ वाजता चित्र वेगळं असतं. घंटागाडी येते, भाजीवाले बसतात आणि मिसळीची ठिकाणं भरायला लागतात. नाशिकमध्ये रविवार सकाळ म्हणजे मिसळ. तुमच्या पट्ट्यात मिसळीचं नावाजलेलं दुकान असेल तर त्याच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या कुठे लागतील हे आधीच ठरवायला हवं.

हातात एक साधा हस्तनकाशा ठेवा आणि त्यावर प्रत्येक गल्ली, प्रत्येक सोसायटीचं गेट आणि दुभाजकातली प्रत्येक फट मांडा. गल्ल्यांना डावीकडे डा१, डा२ आणि उजवीकडे उ१, उ२ असे क्रमांक द्या. पुढे अर्जात, स्वयंसेवकांच्या यादीत आणि फोनवर बोलताना हेच क्रमांक वापरायचे. ‘त्या मेडिकलच्या शेजारची गल्ली’ या वर्णनाने पाच मिनिटं वाया जातात.

खाली पाहूनही चाला. पावसाळी गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असतील तर सायकलचं बारीक चाक त्यात अडकतं आणि चालवणारा थेट हँडलवरून पुढे पडतो. अशी प्रत्येक जाळी, वर आलेलं किंवा खचलेलं चेंबरचं झाकण आणि रंग उडालेला गतिरोधक नकाशावर टिपा. झाकणं महापालिकेच्या विभागीय कार्यालयात बांधकाम विभागाला कळवा. आठवडाभरात काम झालं नाही तर जाळीवर आडवा प्लायचा तुकडा बसवून त्याच्या पुढे-मागे कोन, म्हणजे वाहतुकीसाठी वापरतात ते प्लास्टिकचे शंकू, ठेवायचे.

तारीख आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. जून ते सप्टेंबर टाळा. रंगपंचमी, शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव यांच्या आगेमागेचे रविवारही टाळा, कारण पोलीस बंदोबस्तात असतात. २०२६-२७ हा सिंहस्थाचा काळ आहे. रस्त्यांची कामं आणि बंदोबस्त यांमुळे परवानगीला जास्त वेळ लागेल असं धरून चाला.

स्पर्धा परीक्षांचं वेळापत्रक पाहायला बहुतेकजण विसरतात. एमपीएससीच्या बऱ्याच परीक्षा रविवारी असतात आणि कॉलेज रोडवरच्या महाविद्यालयांत केंद्रं पडतात. गावाकडून आलेला परीक्षार्थी तुमच्या बॅरिकेडपाशी अडकून केंद्रावर उशिरा पोहोचला, तर त्याचं वर्ष जाऊ शकतं. महाविद्यालयाच्या कार्यालयात तारीख सांगून खात्री करा आणि आठवड्यावर आलं की पुन्हा विचारा.

हिवाळ्यात ६.३० ते ९.३० ही वेळ ठेवा. जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे पहिला अर्धा तास पथदिव्यांवरच जातो. विद्युत विभागाला पत्र देऊन त्या दिवशी दिवे सातच्या आधी बंद होऊ नयेत असं सांगा. उन्हाळ्यात ६ ते ८.३० पुरे. दहा वाजण्याच्या आत रस्ता नेहमीसारखा करून देणं दुकानदारांसाठी आवश्यक आहे. त्यांचा विरोध साधारणपणे धंदा बुडण्याच्या भीतीने असतो. दुकानं उघडण्याआधी रस्ता झाडून परत मिळतो हे एकदा त्यांच्या डोळ्यांनी दिसलं की पुढच्या वेळी तेच चहा देतात.

परवानगी

किमान सहा ते आठ आठवडे आधी सुरुवात करा. मुख्य अर्ज नाशिक शहर पोलीस आयुक्तांच्या नावे. त्याच्या प्रती वाहतूक शाखा, ज्यांच्या हद्दीत रस्ता येतो ती पोलीस ठाणी आणि महापालिका आयुक्त यांना. लांब रस्त्यावर दोन पोलीस ठाण्यांची हद्द लागू शकते. चौकाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं. दोन्हीकडे जा. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या, कारण पुढची सगळी विचारणा त्या क्रमांकावर चालते.

वाहतूक वळवण्याचा आदेश मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ११५ खाली निघतो. बंदी एक महिन्याहून कमी काळाची असेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, पण स्थानिक पातळीवर प्रसिद्धी देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणून आदेश हातात पडला की तो वृत्तपत्रांकडे, सोसायट्यांच्या ग्रुपवर आणि दोन्ही टोकांच्या फलकांवर गेला पाहिजे. आदेशाची प्रत प्रत्येक स्वयंसेवकाच्या खिशात हवी. गाडीवाल्याशी वाद घालण्यापेक्षा शिक्क्याचा कागद दाखवला की काम लवकर होतं.

अर्जात काय लिहायचं? कुठून कुठपर्यंत. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, मांडणी आणि आवराआवर धरून. गल्ल्यांची क्रमांकांसह यादी. पर्यायी मार्ग. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब जाण्याची पट्टी. स्वयंसेवकांची संख्या आणि जबाबदार तीन व्यक्तींची नावं व फोन. कार्यक्रमात राजकीय प्रचार आणि विक्री नाही, हे स्पष्ट वाक्यात. नकाशा आणि परिसरातल्या सोसायट्यांची संमतिपत्रं जोडा. संमतिपत्रांनी फार फरक पडतो. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला सगळ्यात आधी हेच पाहायचं असतं, की उद्या तक्रार घेऊन कोण येणार आहे.

महापालिकेकडे कामं विभागून द्यावी लागतात. झाडलोट आणि कचऱ्यासाठी आरोग्य विभाग, झाकणं व खड्ड्यांसाठी बांधकाम, दिव्यांसाठी विद्युत, बंबाच्या पट्टीसाठी अग्निशमन, खाली आलेल्या फांद्यांसाठी उद्यान विभाग. मुख्यालयात, म्हणजे राजीव गांधी भवनात, एक पत्र द्या, पण प्रत्यक्ष काम तुमच्या विभागीय कार्यालयातून होतं. तिथल्या स्वच्छता निरीक्षकांना समक्ष भेटा. रस्त्यावर सिटीलिंक या शहर बसचे थांबे असतील तर नाशिक महानगर परिवहन महामंडळालाही पत्र हवं, आणि त्या तीन तासांसाठी थांबा कुठे हलवला हे मूळ थांब्यावर कागद लावून सांगायचं.

ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची वेगळी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक चालतच नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. आमचं ठाम मत असं, की मोठा डीजे आणूच नका. दोन बॅटरीवरचे भोंगे सूचनांपुरते पुरतात. गाड्या थांबल्यावर त्या रस्त्यावर पक्ष्यांचा आणि पोरांचा आवाज ऐकू येतो. लोक पुन्हा येतात ते त्यासाठी. त्यावर स्पीकर लावला की उरतो तो आणखी एक कार्यक्रम.

राहणाऱ्यांशी बोलणं

पत्रकं दोनदा वाटा. एकदा पंधरा दिवस आधी आणि एकदा दोन दिवस आधी. पहिलं पत्रक सोसायटीच्या सचिवांना समक्ष द्या, दारात टाकून येऊ नका. त्यात तारीख, वेळ, पर्यायी रस्ता आणि एक फोन नंबर एवढंच असावं. पर्यावरणावरचा निबंध नको.

त्याच भेटीत विचारायचं, की त्या सकाळी कोणाला गाडी काढावीच लागणार आहे? डायलिसिसला जाणारे, नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडणारे, पहाटेच्या पाळीला सातपूर-अंबडला जाणारे, रात्रपाळी करून परतणाऱ्या परिचारिका. त्यांची यादी करा. ज्यांना शक्य आहे त्यांना आदल्या रात्री गाडी पर्यायी रस्त्याला लावायला सांगा. ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी नियम असा, की गाडी चालण्याच्या वेगाने, चारही इंडिकेटर लावून, पुढे एक स्वयंसेवक चालत आणि जवळच्या गल्लीपर्यंतच. ‘तुम्हाला सोडणार नाही’ हे वाक्य कोणत्याही स्वयंसेवकाच्या तोंडी येता कामा नये. ‘थांबा, मी पुढे चालतो’ असं म्हणायचं.

येणाऱ्यांनाही सांगावं लागतं की पायी, सायकलवर किंवा सिटीलिंकने या. वाहनमुक्त सकाळीला लोक गाडीतून येतात आणि आजूबाजूच्या कॉलनीत कशीही गाडी लावतात. स्थानिकांचा राग ओढवतो तो इथे. लांबून येणाऱ्यांसाठी एखाद्या महाविद्यालयाचं मैदान मागून घ्या आणि जाहिरातीत त्याचाच पत्ता द्या.

गल्लीचं तोंड

आता मूळ काम. एका गल्लीच्या तोंडाशी दोन बॅरिकेड लागतात. ती एका रेषेत नको. एक पुढे आणि दुसरं दीड मीटर मागे, दोन्ही मध्यभागी थोडी एकमेकांवर येतील अशी ठेवा. मधली वाट एक ते सव्वा मीटर राहते. त्यातून व्हीलचेअर जाते, बाबागाडी जाते, सायकल हातात धरून नेता येते. दुचाकी मात्र वेगात घुसू शकत नाही, नागमोडी वळावं लागतं आणि तेवढ्या वेळात माणूस समोर उभा राहतो. नुसतं बॅरिकेड दुचाकी अडवत नाही, कारण व्हीलचेअर जाईल तिथून स्कूटरही जाते. म्हणून प्रत्येक तोंडाशी माणूस हवाच, आणि एक नाही, दोन. एकटा माणूस वादात गुंतला की दुसरी गाडी मागून निघून जाते.

दोरी कधीही आडवी बांधू नका. अर्धवट उजेडात दुचाकीवाल्याला ती दिसत नाही आणि गळ्याच्या उंचीवर लागते. बॅरिकेड कमी पडली तर बांबूची घोडी करा, त्यावर लाल-पांढरी रिफ्लेक्टर टेप चारही बाजूंनी गुंडाळा आणि पायाशी वाळूची पोती ठेवा. वाऱ्याने हलकं बॅरिकेड सरकतं.

गल्लीच्या दुसऱ्या टोकालाही, म्हणजे पर्यायी रस्त्याच्या बाजूला, ‘पुढे रस्ता बंद’ असा फलक लागतो. तो नसेल तर गाडीवाला दोनशे मीटर आत येतो, मग बॅरिकेड दिसतं, आणि अरुंद गल्लीत गाडी वळवताना त्याचा पारा चढतो. त्याचं बोलणं तुमच्या स्वयंसेवकाला खावं लागतं. हा एक फलक निम्मे वाद वाचवतो.

माणसांचा हिशेब असा करा. ८०० मीटर रस्ता, दोन टोकं, नऊ गल्ल्या धरू. टोकांना तीन-तीन म्हणजे ६. गल्ल्यांना दोन-दोन म्हणजे १८. सायकलवरून फिरते ४. प्रथमोपचार २. राखीव ४. एकूण ३४. हे चौतीस यायला हवे असतील तर पंचेचाळीसजणांचा होकार घ्या, हिवाळ्यात पहाटे पाचला सगळे उठत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी शक्यतो त्याच गल्लीतले रहिवासी ठेवा. शेजारच्या काकूंनी ‘अरे, दोन मिनिटं ढकलत ने ना’ म्हटलं तर ऐकलं जातं, तेच अनोळखी कॉलेजकुमाराने म्हटलं तर वाद होतो. दीड तासाने जागा बदला, म्हणजे त्यांनाही रस्त्यावर फिरायला मिळेल.

रस्त्यावरची मांडणी

चाकं आणि पावलं वेगळी करा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर सायकलींना दुभाजकाच्या कडेची पट्टी द्या, एकाच दिशेने, दुभाजकाभोवती फेरी. डावीकडून जाणं आणि टोकाला वळून उजव्या बाजूच्या रस्त्याने परत येणं. समोरासमोर सायकली आल्या की धडकतात, म्हणून उलट दिशा अजिबात नाही. वळणाच्या जागी कोनांनी किमान चार-पाच मीटर त्रिज्येचा गोल आखा आणि तिथे माणूस उभा करा. फुटपाथच्या बाजूचा भाग चालणाऱ्यांना आणि खेळांना. या सगळ्यात बंबासाठी सलग चार मीटरची पट्टी मोकळी राहिली पाहिजे, तिच्यात टेबल, मंडप, गालिचा काहीही नको. सायकली आणि चालणारे क्षणात बाजूला होतात, टेबल होत नाही. हवा भरलेल्या कमानी उभारू नका. उंच वाहन अडतं आणि हवा गेली की रस्ताच बंद होतो.

वेगाचा प्रश्न प्रत्येक शहरात येतो. सराव करणारे सायकलपटू मोकळा रस्ता पाहून तीसच्या वेगाने निघतात आणि त्याच पट्टीत सहा वर्षांचं मूल आधाराच्या चाकांवर वाकडंतिकडं चाललेलं असतं. शहराबाहेरचे रस्ते सरावाला आहेतच. इथे वेग ताशी १५ किलोमीटरच्या आत, शर्यत नाही, वेळ मोजणं नाही. सायकल गटांच्या ज्येष्ठांना हे आधी सांगा आणि त्यांनाच फिरते स्वयंसेवक करा. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी ५० मीटरचा वेगळा तुकडा कोनांनी बंद करून द्या.

सायकल दुरुस्तीचं एक टेबल मांडा. सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होते, कारण वर्षभर बाल्कनीत उभ्या असलेल्या सायकली त्या दिवशी खाली येतात. दोन फूटपंप हवेत, आणि जुन्या साध्या सायकलचा, गिअरच्या सायकलचा व बारीक टायरचा अशा तिन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हना बसणारी नोझल हवीत. ८, १०, १३ आणि १५ चे पाने, ४, ५, ६ चे अ‍ॅलन की, पंक्चरचं सामान, तेलाची बाटली, चिंध्या. मुलांच्या सायकलवर तीन गोष्टी पाहायच्या. ब्रेक पूर्ण दाबला तर तो हँडलला टेकता कामा नये. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवलं तर ते फिरता कामा नये. आणि सीटच्या दांड्यावरची कमाल उंचीची खूण बाहेर दिसता कामा नये. उंची वाढलेल्या मुलाची सीट आईवडील वर ओढत नेतात आणि ती खूण केव्हाच बाहेर आलेली असते. ब्रेक नसलेली सायकल परत पाठवा, मूल रडलं तरी.

खेळ साधे ठेवा. दोरीउड्या, लंगडी, लगोरी, खडूने आखलेली ठिकरी. विटीदांडू नको. विटी कोणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. रांगोळीही रस्त्याच्या मध्ये नको. त्या भुकटीवरून सायकल घसरते, दव पडलेलं असेल तर जास्तच. रंगीत खडूचे पंधरा-वीस डबे द्या, मुलं अख्खा रस्ता भरतात आणि पहिल्या पावसात तो धुऊन जातो.

पाण्याचा अंदाज हिवाळ्यात माणशी अर्धा लिटर, उन्हाळ्यात एक. हजार माणसं धरली तर ५०० किंवा १००० लिटर. स्टीलचे पेले आणि धुवायला दोन बादल्या ठेवा, छोट्या प्लास्टिक बाटल्या आणल्या तर साडेनऊला त्याच वेचत बसाल. स्वच्छतागृहासाठी जवळच्या महाविद्यालयाला किंवा बँकेला आधीच विचारा. ज्येष्ठ आणि बाया येतात की नाही, हे यावर बरंच ठरतं. रुग्णवाहिका बाहेरच्या दिशेला तोंड करून एका गल्लीत उभी ठेवा. खरचटणं आणि मुरगळणं याच मुख्य जखमा, त्यामुळे पेटीत गॉज, जंतुनाशक, क्रेप बँडेज, बर्फाची पिशवी आणि ओआरएस भरपूर असू द्या. १०८ आणि ११२ हे नंबर प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या मागे लिहा.

आदली रात्र आणि ती सकाळ

रात्रभर उभ्या असलेल्या गाड्या ही सगळ्यात चिवट अडचण. ‘रविवारी पहाटे ५ पासून पार्किंग बंद’ असे फलक शुक्रवारी संध्याकाळीच, दर ५० मीटरला लावा. शनिवारी रात्री नऊला फेरी मारून राहिलेल्या गाड्यांचे क्रमांक लिहून घ्या, काचेवर चिठ्ठी लावा, वॉचमनकडून मालक शोधा. तरीही एखाद-दुसरी राहतेच. ती ओढून न्यायची की नाही हे पोलिसांनी ठरवायचं. राहिली तर तिच्याभोवती कोन लावा आणि पुढे चला. ढकलून हलवू नका.

हिवाळ्यातलं वेळापत्रक साधारण असं बसतं :

४.४५ – स्वयंसेवक जमतात, जॅकेट आणि गल्ली क्रमांक वाटप.
५.१५ – लांबच्या फलकांची तपासणी, वृत्तपत्रवाल्यांच्या दुचाक्या गल्लीच्या आत.
५.३० – आधी गल्ल्या बंद, मग दोन टोकं.
६.०० – झाडलोट. एक सायकलस्वार या टोकाहून त्या टोकापर्यंत जाऊन आत एकही चालती गाडी नाही याची खात्री करतो.
६.३० – रस्ता खुला.
९.१५ – भोंग्यावर सूचना, मुलांचा तुकडा आधी रिकामा.
९.३० – दोन्ही टोकांकडून माणसं फुटपाथवर.
९.४५ – पुन्हा झाडलोट आणि खात्रीची फेरी, मग टोकं उघडतात, गल्ल्या शेवटी.

बंद करताना गल्ल्या आधी आणि उघडताना गल्ल्या शेवटी, हा क्रम बदलू नका. टोकं आधी बंद केली तर आत असलेल्या गाड्या बाहेर पडायला गल्ल्या शोधतात, आणि उघडताना गल्ल्या आधी सोडल्या तर रस्त्यावर मुलं असतानाच गाड्या येतात. घंटागाडीची वेळ त्या दिवसापुरती दहानंतर करून घ्या. भाजीवाले आणि नेहमीचे फेरीवाले यांना हलवू नका, तो रस्ता त्यांचाही आहे. नवे स्टॉल मात्र नको.

अचानक बंदोबस्त लागला आणि आदल्या दिवशी परवानगी रद्द झाली, तर रद्द झाल्याचा संदेश तयार असू द्या. आणि तसं झाल्यावर ‘गुपचूप थोडा भाग तरी करू’ असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. आदेशाशिवाय अडवलेल्या रस्त्यावर काही झालं तर तुमच्या बाजूने काहीही उरत नाही.

मोजणी

तीन ठिकाणी, दर तासाला पंधरा मिनिटं, समोरून जाणारी माणसं मोजा. चालणारे, सायकलवाले, मुलं, बायका, साठीच्या पुढचे, व्हीलचेअरवाले, असे रकाने पाडून. हीच मोजणी आधीच्या एखाद्या साध्या रविवारी त्याच जागी, त्याच वेळी करून ठेवलेली असेल तरच तुलना होते. फोनवरच्या अ‍ॅपने आवाजही मोजता येतो. तो आकडा काटेकोर नसतो, पण तोच फोन, तीच जागा आणि तीच वेळ असेल तर फरक स्पष्ट दिसतो. आत शिरलेल्या गाड्यांची गल्लीनिहाय नोंद ठेवा. साधारणपणे दोन-तीन गल्ल्यांतूनच बहुतेक गाड्या आलेल्या असतात, पुढच्या खेपेला तिथे चारजण उभे करायचे.

त्याच आठवड्यात, बुधवार-गुरुवारपर्यंत, वाहतूक शाखेला आणि विभागीय कार्यालयाला दोन पानी अहवाल द्या. मोजणी, आलेल्या तक्रारी, त्यावर काय करणार, आणि रस्ता किती वाजता परत दिला. सोबत पुढचा अर्ज जोडा, एका तारखेचा नाही, तर महिन्यातल्या एका ठरलेल्या रविवारचा, सलग तीन महिन्यांसाठी. बोगोटाच्या लोकांना तारीख विचारावी लागत नाही, रविवार म्हणजे रस्ता मोकळा हे त्यांना ठाऊक असतं. नाशिककरांनाही ‘महिन्याचा पहिला रविवार’ एवढं पाठ झालं, की पत्रकं निम्मी लागतात आणि गाड्या शनिवारी रात्रीच हललेल्या असतात.